जिनिंग तिकडचं, सूत इकडचं

माझ्या ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. का येत नाही, याचं आमच्या घरात प्रत्येकाचं वेगळं उत्तर होतं. आजी सांगायची, सातव्या महिन्यात माय एका वरातीत ताशाजवळ जाऊन उभी राहिली आणि तिथंच पोटातल्या पोरीचे कान गेले. बाबा म्हणायचे, वर्षाची असताना थंडी बाधली. मूर्तिजापूरची आत्या म्हणायची, नशीब. माय काहीच म्हणायची नाही. फक्त कुणाच्या लग्नात बॅन्ड वाजायला लागला की ती उठून आत निघून जायची. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. ती का उठते, हे मात्र मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

मी आमच्या घराण्यातली पहिली बी.एस्सी. हे मी मिरवते आणि पुढेही मिरवणार. चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावातून रोज एस.टी.ने अमरावतीला जायचं, डबा मांडीवर, पुस्तक डब्यावर. ताईने माझी खूणच तशी ठेवली होती. तिच्या हातांच्या भाषेत बाबा म्हणजे मिशीला पीळ, माय म्हणजे नथीच्या जागी बोट, आणि मी म्हणजे दोन तळवे जोडून उघडायचे. पुस्तक. ताई स्वतः अमरावतीच्या मूकबधिर शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, शिवणकामात पटाईत. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिच्या मशीनवर शिवले जायचे.

दुसऱ्या वर्षाला असताना मॅडमनी फळ्यावर दोन पांढरी फुलं काढली. शाळेत आपण वाटाण्याचा नियम शिकतो. उंच आणि बुटका, एक गुण झाकतो, दुसरा झाकला जातो, संपलं. घरी पाठ म्हणताना मी तो इतक्यांदा म्हटला होता की बाबा तो शोधणाऱ्या, वाटाणे लावणाऱ्या पाद्र्याला ‘तुहा वाटाणेवाला बाबा’ म्हणायचे. मॅडम म्हणाल्या, आता त्याच्या पुढचं. हे फूल भंडाऱ्याकडे डाळीसाठी पेरतात त्या आपल्या लाखोळीच्या बहिणीचं आहे. पांढऱ्या फुलाच्या एका झाडाचा दुसऱ्या पांढऱ्या फुलाच्या झाडाशी संकर केला. पुढची सगळी झाडं कोणत्या रंगाची?

आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, पांढरी.

मॅडमनी जांभळा खडू उचलला.

तो जांभळा रंग पाहून मला जे वाटलं, ते कसं सांगू? दोन्हीकडे रंग नाही आणि पोरं रंगीत. मॅडमनी समजावलं की रंग एका जीनचं काम नाही. एक जीन कच्चा माल बनवतो, दुसरा त्याचा रंग करतो. एका झाडात पहिला बिघडला, दुसऱ्यात दुसरा बिघडला, म्हणून दोघंही पांढरी. पण पांढरी होण्याची कारणं वेगळी. पोराला इकडून एक चांगला मिळाला, तिकडून दुसरा चांगला मिळाला, की रंग आला. मी वहीत आकृती उतरवून घेतली, खडूसारखाच जांभळा पेन मैत्रिणीकडून मागून. खाली मॅडम अजून दोन ओळी सांगत होत्या. त्या मी लिहिल्या नाहीत. माझी शेवटची एस.टी. होती म्हणून नव्हे. मला वाटलं, मला समजलं.

तास संपल्यावर मी विचारलं, “मॅडम, असं माणसात असते काय?”

“ऐकू येणंच घे ना,” मॅडम म्हणाल्या. “कानाच्या आत कितीतरी जीन्स कामाला असतात. कोणताही एक बिघडला तरी बहिरेपण येऊ शकतं.”

त्या संध्याकाळी मी मायला बाजेवर बसवून सांगितलं की ताशाने पोटातल्या पोरीचे कान जात नाहीत. हे तुझ्याकडून आणि बाबांकडून अर्धं अर्धं आलं आहे, आणि त्यात तुमची कुणाची चूक नाही. मायने सुपातल्या तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, “तुह्या बाबांकडूनबी?”

“हाव. दोघांकडून.”

“एकदा तुह्या आजीले सांग,” माय म्हणाली.

मी बी.एस्सी. झाले त्याच वर्षी ताईच्या लग्नाचं निघालं. मूर्तिजापूरच्या आत्याने तिच्या मुलासाठी ताईला मागितली. आमच्याकडे भावाच्या पोरीवर आत्याचा पहिला हक्क. माय स्वतः बाबांच्या मामाची मुलगी. आत्याच्या मागण्यात हक्कही होता आणि मायाही होती. मुलगा बरा, मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, कान ठणठणीत. सगळे खूश. ताई सोडून.

कारण ताईने आधीच अकोल्याचा एक मुलगा पाहिला होता, मोबाईलवर. शाळेतल्या जुन्या मैत्रिणीच्या ओळखीचा. तोही न ऐकणारा. फ्लेक्सच्या दुकानात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर छापायचा. दोघं रोज व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलायची, आणि बाबा हैराण व्हायचे. “एक शब्द बोलत नाहीत, अन् डेटा कसा काय संपते?”

आत्या ठरवायला म्हणून घरी आली तेव्हा ताईने सगळ्यांसमोर मान हलवून नाही म्हटलं आणि मोबाईलमधला फोटो पुढे केला.

आत्याने फोटो पाहिला. “माह्या पोराले ऐकू येते, हा त्याचा गुन्हा झाला काय?”

“तसं नाई, आत्या,” मी म्हणाले.

“मंग कसं? दोघं बहिरे. पोरं काय होतीन मंग? रात्रंदिवस पाळणा रडन अन् घरात कोणाले पत्ताबी नाई लागन.”

बाबा संत्र्याच्या बागेतले माणूस, ते आपल्या पद्धतीने बोलले. “दोन रोगट कलमं लावून बाग उभी राह्यते काय?”

मग मी उभी राहिले. खरंच उभी राहिले, वर्गात उभं राहतात तशी. ताई सोडली तर आमच्या घरात कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि जुलैपासून माझी डिग्री फ्रेम करून बैठकीत टांगलेली होती. मी म्हणाले, “कापूस समजा, बाबा. कापसाचं कापड व्हायले आधी जिनिंग लागते, सरकी काढायले. मंग सूत लागते. मंग माग. यातलं एक बंद पडलं तरी कापड नाई. बरोबर?”

“बरोबर.”

“प्रत्येक माणसाजवळ प्रत्येक मशीन दोन दोन असते. एक मायकडून, एक बापाकडून. एक चालू असली तरी भागते. आपल्या घराण्यात जिनिंगची एक मशीन कधीतरी बिघडली. तुमच्यात एक बिघडलेली, मायमध्ये एक बिघडलेली, कारण तुमी दोघं एकाच घराण्यातले. ताईच्या वाट्याले दोन्ही बिघडलेल्या आल्या. आता आत्या बी याच घरातली. तिच्या पोरात ती बिघडलेली मशीन असू शकते. त्याले ऐकू येते, कारण दुसरी चालू आहे. पण ताईसंगं लग्न केलं तर पोरांचा भरवसा नाई.”

“अन् हा अकोल्यावाला?” बाबांनी विचारलं.

“त्याच्या घरी जिनिंग चालू आहे, सूत बंद आहे. त्याच्याकडून पोराले जिनिंग मिळन, ताईकडून सूत मिळन. कापड होईन.”

“पोरं ऐकतीन?”

“ऐकतीनच,” मी म्हणाले.

हा ‘च’ माझा. पुस्तकातला नव्हता.

आत्याने मायकडे पाहिलं. मायने, जिने आयुष्यात कधी नणंदेसमोर आवाज चढवला नव्हता, हळूच सांगितलं, “शिकेल पोरगी म्हणते तं असन.” एवढ्यावर ठरलं. आमच्यासारख्या घरांत हे असंच होतं. घरातल्या पहिल्या शिकलेल्याला कुणी उलट विचारत नाही, आणि त्याला स्वतःलाही विचारायचं सुचत नाही.

अकोल्याला आम्ही पाहायला गेलो. पोहे आले, चहा आला. मुलाची आई फार बोलकी. बसल्या बसल्या तिने सांगून टाकलं, “जन्मापासून नाई बरं काय. दोन वर्षांचा होता तवा ताप आल्ता. त्यात कान गेले.”

मी आनंदले. ताप असेल तर जीनचा प्रश्नच नाही, मग तर मुलं नक्की ऐकणारी. पण मला खात्री हवी होती. मी ताईला खुणेने सांगितलं, विचार त्याला. ताईने विचारलं. तो मुलगा आईकडे पाहून हसला आणि हातांनी सरळ बोलला. ताप नाही. जन्मापासून. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं आहे ना, म्हणून आई ताप सांगते.

खोलीत हे फक्त ताईला आणि मला कळलं. त्याची आई हसऱ्या चेहऱ्याने आमच्याकडे पाहत होती. “काय म्हणून राह्यला?”

“ताप होता म्हणते,” मी म्हणाले.

ताईने माझ्याकडे रागाने पाहिलं. बाहेर आल्यावर तिने मला हातांनी चांगलंच सुनावलं. तो खरं बोलला आणि तू खोटं, एवढ्या पुस्तकांतून एवढंच शिकलीस? मला तो का आवडतो ते आता तुला कळलं असेल. तो मुलगा मलाही आवडला होता. दुकानातल्या प्रिंटरच्या घरघरीला सगळे वैतागतात आणि मी एकटा शांतपणे जेवतो, असं तो जोडीला हावभाव करून सांगत होता, आणि ताई पोट धरून हसत होती. आमच्या घरात ताई अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

लग्न झालं. वरातीत बॅन्ड होता. माय आत गेली नाही, शेवटपर्यंत बाहेर उभी राहिली.

पुढच्या वर्षी एम.एस्सी.ला प्रवेश घेऊन हॉस्टेलवर राहायला आले तेव्हा त्याच मॅडमकडे मी ही गोष्ट अभिमानाने सांगितली. कापूस, जिनिंग, सूत, सगळं. मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. “उपमा सुंदर आहे. पण त्यांचं सूत बंद आहे, हे तुला कुणी सांगितलं?”

मला प्रश्न कळला नाही.

“त्यांचंही जिनिंगच बंद असेल तर? पांढऱ्याशी पांढऱ्याचा संकर केला की नेहमी जांभळं येतं, असं मी कधी शिकवलं? दोघांत एकच जीन बिघडलेला असेल तर सगळी पांढरी. वेगळा असेल तरच सगळी रंगीत. त्या दोन ओळी मी तेव्हाच सांगितल्या होत्या.”

“म्हणजे मॅडम?”

“म्हणजे साधारण असं की एकतर सगळी मुलं ऐकतील, नाहीतर एकही नाही. कानात कामाला असणारे जीन्स पुष्कळ, म्हणून वेगळा असण्याची आशा बरी आहे. पण बहिरेपणात एक जीन पुन्हा पुन्हा सापडतो, तेही खरं. रक्त तपासल्याशिवाय कुणी ‘च’ लावू नये.”

मी हॉस्टेलवर आले आणि वही काढली. जांभळी आकृती होती. खाली दोन ओळींची कोरी जागा होती.

तेव्हा ताईला पाचवा महिना होता.

सगळ्यांनी माझ्या शब्दावर होकार दिला होता. आत्या वर्षभर आमच्या घरी आली नव्हती. उद्या पाळण्यातलं बाळ ऐकत नाही असं निघालं तर बोल माझ्यावर येणार नाही, तो मायवर येणार. ताशाची गोष्ट पुन्हा सुरू होणार. आणि ताई? तिला मी काय सांगितलं होतं? तिला तर मी काहीच सांगितलं नव्हतं. कापसाची अख्खी गोष्ट मी बाबांना आणि आत्याला तोंडाने सांगितली होती. जिच्याबद्दल बोलत होते, ती समोर बसून आमची तोंडं पाहत होती.

हे लक्षात आलं तशी मी अकोल्याची गाडी पकडली.

ताई मशीनवर बसली होती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, फुलं, कापूस, माझा ‘च’, मॅडमचा प्रश्न. हातांनी सांगायला दीड तास लागला. कारण ‘जीन’ला आमच्या भाषेत खूणच नव्हती. शेवटी आम्ही दोन बोटांची दोरी करून ती खूण बनवली. मी म्हणाले, आता रक्त तपासता येईल. पोटातल्या बाळाचं नको, तुम्हा दोघांचं तर कळेल.

ताईने विचारलं, कळल्यावर काय करायचं?

काही नाही. तयारी.

कसली?

ताईने सुईतला दोरा तोडला आणि सावकाश खुणा केल्या, लहान मुलाला समजावतात तशा. नाही ऐकलं तर मी शिकवीन. मला कुणी शिकवलं नव्हतं, सहा वर्षांची होईपर्यंत मला स्वतःचं नावसुद्धा माहीत नव्हतं. माझ्या बाळाला पहिल्या दिवसापासून आई बोलणारी मिळेल. भीती मला नाही. तुला आहे.

मग तिने तेवढ्याच सहज विचारलं की ते जांभळं फूल दिसतं कसं. मी मोबाईलवर दाखवलं. तिने त्या रंगाचा एक कापडाचा तुकडा शोधून फुलाशेजारी धरला आणि मान हलवली. जवळपास जमला होता. त्याचं तिने नंतर झबलं शिवलं.

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून अमरावतीच्या दवाखान्यात. सकाळी दहाला मुलगी झाली. अकराला आत्या दारात. पदराखालून तिने मुलगा झाला की वाजवतात ती काशाची थाळी आणि लाटणं काढलं.

नर्स म्हणाली, “ओ आजी, मुलगी आहे. अन् हा दवाखाना आहे.”

“पोरगी असो का पोट्टा,” आत्या म्हणाली, “मले कान पाह्याचे हायेत.”

मी सांगायला गेले की आत्या, अशी तपासणी खरी नसते, उद्या मशीन लावून बघतात. तोवर आत्याने पाळण्याच्या मागे जाऊन थाळी वाजवली.

बाळ अंगभर दचकलं. दोन्ही हात फाकले, मुठी उघडल्या आणि असं भोकाड पसरलं की शेजारच्या पलंगावरचं बाळही रडायला लागलं.

पुढची दोन-तीन मिनिटं मला नीट आठवत नाहीत. आत्या “ऐकते! ऐकते वं माय!” म्हणून ओरडत होती आणि पुन्हा वाजवत होती. माय भिंतीला टेकून रडत होती. बाबा पॅसेजमधल्या अनोळखी माणसाला जिनिंग आणि सूत समजावून सांगत होते. नर्स रागावत होती. कुणीतरी पेढे आणायला पळालं. मी मायच्या गळ्यात पडले होते.

आणि मग मला पलंग दिसला. ताई कोपरावर उठून बसली होती. तिचा नवरा तिच्या पायाशी उभा. दोघं आळीपाळीने आमची तोंडं पाहत होते. बाळ रडतंय हे त्यांना दिसत होतं. माय रडतेय हेही दिसत होतं. थाळी पाळण्याच्या मागे होती. त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. तिची मुलगी, आणि ही बातमी तिलाच सर्वांत शेवटी.

मी धावत जाऊन खूण केली. ऐकते. तिला ऐकू येतं.

तिच्या नवऱ्याने दोन्ही हात हवेत हलवले, त्यांच्यातल्या टाळ्या. ताईने नाही. तिने बाळाला उचलून पदराखाली घेतलं आणि बराच वेळ त्याच्या कानाकडे बघत राहिली. मग एका हाताने मला विचारलं, म्हणजे ही तुमच्यातली?

मला माझी खरी चूक तिथे कळली. सगळी किंवा एकही नाही, हा हिशोब मी फक्त आमच्या, ऐकणाऱ्यांच्या बाजूने मांडला होता. तिच्या बाजूने उत्तर कोणतंही आलं असतं तरी काहीतरी मिळणार होतं आणि काहीतरी जाणार होतं. मी म्हणाले, दोघांतली. जिनिंग त्याचं, सूत तुझं. तिने ओठ मुडपले. ती असं तेव्हाच करते जेव्हा तिला पटत नाही, पण वाद घालायची ताकद नसते.

दुसऱ्या दिवशी मशीननेही तेच सांगितलं. आत्या म्हणाली, “माह्या थाळीले मशीननं पास केलं.” जाताना तिने ती थाळी ताईच्या उशाशी ठेवली, न मागता.

आता भाची दोन वर्षांची आहे. नाक आमच्या आत्याचं आहे, जे घरात दुसऱ्या कुणालाच नाही. केस तिच्या वडिलांसारखे कुरळे, पण तेवढे नाहीत. रंग ना इकडचा ना तिकडचा. यातल्या कशात किती जीन्स आहेत आणि कोण कुणाला दाबतो, हे मी आता वर्गात शिकवते. फळ्यावर पांढऱ्या फुलांच्या आधी त्या दोन ओळी लिहिते.

परवा मी अकोल्याला गेले होते. ताई कणिक मळत होती, गॅसवर कुकर होता. पूर्वी ती वाफ बघून अंदाज घ्यायची, वरण कधी कच्चं राहायचं, कधी तळाला लागायचं. शिट्टी झाली. भाची खेळणं टाकून उठली, आईची साडी ओढली आणि एक बोट वर केलं. मग परत जाऊन खेळायला बसली. दुसऱ्या शिट्टीला पुन्हा आली, दोन बोटं. तिसरीला मी तोंडाने “तीन!” म्हणाले. तिने माझ्याकडे वळून पाहिलं, मग आईकडे, आणि मला हाताने गप्प केलं. हे तिचं काम होतं. तिने तीन बोटं वर केली. ताईने गॅस बंद केला.